जुन्या फायबर होडीची समोरची काच: कमी खर्चात केलेल्या बदलीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेलापूर परिसरातील एका कोळीवाड्यातल्या दोघा भावांनी गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक जुनी फायबरची होडी विकत घेतली. होडी २२ फुटांची, ४० हॉर्सपॉवरच्या आउटबोर्ड, म्हणजे मागच्या कडेला बाहेरून बसवलेल्या, इंजिनावर चालणारी, आणि मुळात रायगड किनाऱ्यावरच्या एका हौशी मालकाने गळाने मासे धरण्यासाठी बांधून घेतलेली होती. त्यामुळे खाडीतल्या नेहमीच्या होड्यांत सहसा नसते अशी रचना तिच्यात होती. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, मागे सामान ठेवण्यासाठी एक बुटकी बंद केबिन, तिच्या मागे उभ्याने सुकाणू धरायची जागा, आणि केबिनच्या माथ्यावर वाऱ्यापाण्याला अडवणारी वक्र, मागे कललेली काच. काच मात्र होडी विकायला आली तेव्हाच जागेवर नव्हती. फायबरच्या काठावर स्क्रूंची ओळ तेवढी उरली होती.

भावांचा धंदा खाडीतला आणि बंदराच्या आतल्या पाण्यातला आहे. पनवेलच्या खाडीतून बाहेर पडायचे, घारापुरीच्या आसपास जाळी टाकायची, हंगाम असेल तेव्हा जिताड्यासाठी गळ टाकायचे, आणि भरतीच्या हिशेबाने परत यायचे, असा त्यांचा दिवस असतो. थोरला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख आहे. धाकटा इंजिन आणि जाळी सांभाळतो आणि परतीच्या वाटेवर बहुतेक वेळा सुकाणूही त्याच्याच हातात असते. ही शेवटची बाब पुढे महत्त्वाची ठरली.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी यंत्रांची पारदर्शक संरक्षक आवरणे बनवण्याचे काम बरीच वर्षे केले असल्यामुळे, शेजारच्या एका गृहस्थांच्या ओळखीने हे दोघे माझ्याकडे आले. पुढील वृत्तांत त्यांच्या संमतीने लिहिला आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

अडचण

काचेशिवाय होडी चालत होतीच. एप्रिल आणि मे महिन्यांत भावांनी ती तशीच वापरली. पहाटे जाताना पाणी शांत असल्याने काही जाणवत नसे, परंतु दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की समोरून येणारा तुषारांचा मारा थेट तोंडावर बसू लागे, डोळ्यांत खारे पाणी जाई, आणि सुकाणू धरणारा माणूस मान खाली घालून, डोळे बारीक करून होडी हाकत असे. मोबाईल आणि मासे शोधायचे छोटे यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे लागे, म्हणजे त्याचा उपयोग अर्धा संपलाच.

ही केवळ सोयीची गोष्ट नाही, हे येथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. मुंबई बंदराच्या या भागातून न्हावा-शेवाकडे जाणारी मोठी कंटेनर जहाजे, त्यांना ओढणारे टग, उरण आणि घारापुरीच्या प्रवासी लाँच अशी सतत ये-जा असते. समुद्रातील टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम प्रत्येक जलयानाने डोळ्यांनी आणि कानांनी सदैव योग्य नजर ठेवावी असे सांगतो, आणि ज्याच्या डोळ्यांत दर मिनिटाला खारे पाणी जाते त्याला तो नियम पाळता येत नाही. त्याचबरोबर हेही खरे की वाईट काच, म्हणजे धुरकट, ओरखडलेली किंवा नेमकी नजरेच्या आड येणारी काच, ही नसलेल्या काचेपेक्षा अधिक धोक्याची असते. या दोन गोष्टींच्या मधूनच वाट काढायची होती.

पैशांची बाजूही तंग होती. होडीची किंमत, मालकी नावावर करून घेणे आणि इंजिनाची दुरुस्ती यांत हातचे बहुतेक पैसे गेले होते. काचेसाठी पाच हजार रुपयांच्या वर जायचे नाही, असे थोरल्याने आधीच ठरवले होते. वेळ मात्र मिळणार होता, कारण महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तो सगळा काळ पावसाचा, आणि फायबरचे व चिकटवण्याचे काम पावसात नीट होत नाही, ही त्यातली अडचण.

आधीची काच का गेली

भावांचा पहिला प्रश्न "कोणती काच बसवायची" हा होता. मी त्यांना आधी जुने स्क्रू काढायला लावले. हरवलेली वस्तू पुन्हा बसवण्याआधी ती का हरवली हे समजून घेतले नाही, तर नवी वस्तूही त्याच वाटेने जाते. विकणाऱ्याने "वाऱ्याने उडाली" एवढेच सांगितले होते.

स्क्रूंच्या डोक्याखाली नखाएवढे पारदर्शक तुकडे अजून अडकून राहिले होते. त्यांतला एक तुकडा पक्कडीत धरून वाकवला, तेव्हा तो न वाकता काचेसारखा कडकन तुटला. म्हणजे ते ॲक्रिलिक होते, पाट्यांसाठी वापरतात ते काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक. तुकड्यातले भोक स्क्रूच्या आकाराइतकेच घट्ट होते, इतके की स्क्रूच्या आट्यांचे ठसे भोकाच्या भिंतीवर उमटले होते. स्क्रू सीएसके प्रकारचे होते, म्हणजे ज्यांचे डोके शंकूसारखे खाली निमुळते होत जाते तसे. असा स्क्रू लाकडात उत्तम बसतो, पण ॲक्रिलिकमध्ये तो पाचरीचे काम करतो आणि आवळला की भोकाला आतून बाहेर फाकवतो. उरलेल्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला भोकापासून बाहेर जाणाऱ्या केसाएवढ्या बारीक रेषा दिसत होत्या.

त्यात भर तापमानाची. ॲक्रिलिक एक अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर प्रसरण पावते, खिडकीच्या काचेच्या जवळजवळ आठपट. केबिनच्या वक्र काठाची लांबी दीड मीटर आहे. जानेवारीतल्या पहाटेच्या आणि मे महिन्यात जेटीवर उन्हात उभ्या असलेल्या होडीच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर दीड मीटरचे ॲक्रिलिक सुमारे ४ मिलिमीटरने लांबते. खालचे फायबर त्याच्या निम्म्याहूनही कमी लांबते. उरलेली दोन-अडीच मिलिमीटरची ओढाताण घट्ट भोकांतल्या सोळा स्क्रूंवर ऋतूंबरोबर पुन्हा पुन्हा पडत राहिली.

वाऱ्याचा हिशेबही करून पाहिला. होडी २० नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण १० मीटर, आणि समोरून तेवढाच वारा धरला, तर ४५ सेंटिमीटर उंचीच्या मूळ काचेवर १७ किलो वजनाएवढा दाब येतो. सोळा स्क्रूंत वाटला तर प्रत्येकी एक किलोच्या थोडा वर. एवढ्याने धड काच कधीच उडत नाही. काच वाऱ्याने गेली हे खरे असले, तरी ती त्याआधीच सोळा ठिकाणी फाटलेली होती. हा निष्कर्ष हाती आला आणि पुढचे बहुतेक निर्णय त्याच्यावरच उभे राहिले.

पर्यायांचा विचार

मूळ बांधणाऱ्याकडून तशीच काच मिळवणे हा सर्वांत सरळ मार्ग होता, पण ज्याने होडी बांधली त्याच्याकडे तिचा साचा उरलेला नव्हता, आणि नवा साचा एका काचेसाठी करणे परवडणारे नव्हते.

धाकट्याचे मत गाडीच्या काचेचे होते. "दादा, कुर्ल्याला भंगारात कुठलीही काच मिळते, एखादी बसेलच," असे तो म्हणत होता, आणि दारूखान्यात जहाजाचे जुने सामान बघून यावे असेही त्याने सुचवले. गाडीची समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून बनवलेली असते, तिला हवे तसे कापणे आणि तिच्या वक्राला दुसऱ्या वक्रावर बसवणे जवळपास अशक्य असते, आणि कापलेल्या कडेतून खारी ओल आत शिरली की पापुद्रा सुटून कड दुधाळ होत जाते. गाडीच्या बाजूच्या खिडकीची काच कडक केलेली असल्याने ती कापायला गेले की तिचा चुरा होतो. शिवाय काच प्लास्टिकच्या दुपटीहून जड. केबिनच्या माथ्यावर, पाण्यापासून उंच, नको असलेले वजन. दारूखान्याला दोघे जाऊन आले. तिथे जाड चौकटीच्या, मोठ्या जहाजांच्या सपाट खिडक्या होत्या, ज्या त्यांच्या होडीच्या कामाच्या नव्हत्या. ही फेरी वाया गेली असे मी म्हणणार नाही, कारण त्यानंतर धाकट्याच्या मनातून गाडीची काच पुरती गेली.

सपाट कडक काच मापाने बनवून घेऊन तीन भागांत बसवणे हा पर्याय स्वस्त होता. परंतु तीन तुकडे जोडायला मध्ये दोन खांब लागतात, आणि ते खांब नेमके पुढे बघायच्या रेषेत उभे राहतात. थोरल्याने तो एका वाक्यात नाकारला: "समोर खांब नको." तांडेलाच्या या म्हणण्याला मी पूर्ण सहमत होतो.

मग उरली ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट ही दोन पारदर्शक प्लास्टिके. दोन्ही वजनाला जवळपास सारखे. ॲक्रिलिक अधिक स्वच्छ दिसते, उन्हात वर्षानुवर्षे पिवळे पडत नाही, आणि पाटीवाल्यांकडे सहज मिळते. मात्र थंड असताना ते वाकवायचे तर वक्राची त्रिज्या जाडीच्या साधारण ३०० पट तरी हवी. ४ मिलिमीटरच्या शीटला १२० सेंटिमीटर. केबिनच्या वक्राची त्रिज्या होती ८० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे ॲक्रिलिक भट्टीत तापवून साच्यावर वाकवावे लागले असते, आणि त्या कामाचा तुर्भे येथे विचारलेला दर भावांच्या ठरवलेल्या रकमेच्या कितीतरी वर होता. पॉलिकार्बोनेट थंड असतानाच जाडीच्या सुमारे १५० पट त्रिज्येपर्यंत वाकते. ४ मिलिमीटरला ६० सेंटिमीटर, म्हणजे येथे भरपूर वाव. शिवाय ते आघाताला फार चिवट असते. पोलिसांच्या दंगलविरोधी ढाली त्याच्याच असतात. जाळ्याचे शिसे किंवा नांगराचा दांडा लागून ते फुटणार नव्हते.

त्याचे दोष मात्र तितकेच खरे आहेत. त्यावर ओरखडे फार लवकर पडतात, आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर नसेल तर ते पिवळे आणि ठिसूळ होते. तो थर बऱ्याच शीटांना एकाच बाजूला असतो आणि तीच बाजू बाहेर यावी लागते. पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव यांनी त्याला बारीक तडे जातात, आणि वाकवून ताणाखाली बसवलेल्या शीटला ते अधिकच लवकर जातात. आउटबोर्ड इंजिनाच्या होडीत पेट्रोल ही सदैव हाताशी असलेली वस्तू आहे.

काहीच न बसवता जाड पारदर्शक पीव्हीसीचा पडदा ताणून लावायचा, हाही विचार झाला. तो सर्वांत स्वस्त होता. एका पावसाळ्यात तो धुरकटतो आणि वाऱ्यात फडफडतो, म्हणून तो तात्पुरता उपाय म्हणूनच मनात ठेवला.

उंचीचा निर्णय

साहित्याच्या निर्णयापेक्षा उंचीचा निर्णय मला अधिक मोलाचा वाटतो, आणि बहुतेक जण तो घेतच नाहीत. जुनी काच जेवढी होती तेवढीच नवी करतात. मूळ काच ४५ सेंटिमीटर होती हे फायबरच्या बाजूच्या खुणांवरून कळत होते. तेवढ्या उंचीचा पुठ्ठा केबिनवर उभा करून दोघा भावांना आळीपाळीने सुकाणूपाशी उभे केले. थोरला उंच असल्याने तो पुठ्ठ्याच्या वरून बघत होता. धाकट्याच्या बाबतीत मात्र पुठ्ठ्याची वरची कड नेमकी क्षितिजाच्या रेषेवर येत होती. ही सर्वांत वाईट जागा. कड नजरेच्या रेषेवर असली की माणूस कधी वरून, कधी आरपार असा बघत राहतो, आणि लांबची लहान होडी त्या कडेआड लपते.

दोन मार्ग होते: काच इतकी उंच करायची की दोघेही आरपार बघतील, किंवा इतकी बुटकी की दोघेही वरून बघतील. काच पॉलिकार्बोनेटची असणार, तिच्यावर ओरखडे पडणारच, आणि पहाटे उगवतीकडे किंवा संध्याकाळी मावळतीकडे तोंड असताना ओरखडलेले प्लास्टिक सगळ्या प्रकाशाने पांढरे होते. म्हणून आरपार बघण्यावर विसंबायचे नाही असे ठरले. पुठ्ठा कापत कापत ३२ सेंटिमीटरवर आणला, तेव्हा धाकट्यालाही पुढचे पाणी मोकळे दिसू लागले. मागे कललेली काच वाऱ्याला आणि तुषारांना वर ढकलते, त्यामुळे तिचा आडोसा तिच्या उंचीच्या थोडा वरपर्यंत मिळतो, एवढा भरवसा होता. या एका निर्णयाने पॉलिकार्बोनेटचा मुख्य दोष बऱ्याच अंशी निष्प्रभ झाला आणि शीटही कमी लागले.

प्रत्यक्ष काम

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत मशीनगार्ड बनवणाऱ्याकडे ४ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचा, अतिनील थर असलेला मोठा कटपीस मिळाला. ८ बाय ४ फुटांचे पूर्ण शीट घ्यावे लागले नाही, हीच मुख्य बचत. कटपीस घेताना त्यावरची संरक्षक फिल्म शाबूत आहे आणि कोणती बाजू बाहेर ठेवायची ते तिच्यावर छापलेले आहे, हे पाहून घेतले. छपाईची फिल्म निघालेला तुकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण बाजू नंतर ओळखता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ मापाला गेला. वक्र काठावर मागे कलून उभी राहणारी काच सपाट केली तर ती आयत राहत नाही, तिच्या वरच्या-खालच्या दोन्ही कडा कमानीसारख्या होतात. धाकट्याने टेपने लांबी-उंची घेऊन सरळ आयत आखला होता. तसा कापला असता तर दोन्ही टोके काठापासून चार बोटे उचलली गेली असती. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याच्या आतल्या नळ्या उभ्या येतील असा धरला म्हणजे तो वक्रावर सहज वळतो, आणि केबिनवर चिकटपट्टीने बसवून खालची कड काठाला टेकेपर्यंत थोडी थोडी छाटत नेली. मग तोच पुठ्ठा जमिनीवर सपाट टाकला, तेव्हा खालच्या कडेची कमान पाहून धाकटा काही वेळ गप्प उभा राहिला, आणि नंतरचे सगळे आखणीचे काम त्यानेच मन लावून केले.

कापणी बारीक दातांच्या पात्याने, जिगसॉवर, फिल्म न काढता केली. लेझरने कापून देतो असे एकाने सांगितले होते, पण पॉलिकार्बोनेट लेझरवर नीट कापले जात नाही. कड जळून तपकिरी पडते. कापल्यावर कड १२०, मग २४०, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली. हे काम दिसण्यासाठी नसते. कडेला राहिलेला प्रत्येक खाचा पुढच्या तड्याची सुरुवात असतो.

फायबरच्या काठावरची जुनी भोके आधी बंद केली. आत प्लायवुडचा गाभा होता आणि दोन भोकांतून काळे पाणी आले, म्हणून ती मोठी करून, वाळवून, इपॉक्सीने भरली. जुलैच्या ओल्या हवेत हे वाळवणे ताडपत्रीखाली, बल्ब लावून करावे लागले, आणि त्यासाठी चांगली उघाड मिळेपर्यंत थांबावे लागले. त्यानंतर ५ मिलिमीटरच्या बोल्टसाठी काचेत ८ मिलिमीटरची भोके पाडली, म्हणजे काचेला दोन्हीकडे दीड मिलिमीटर सरकायला जागा राहिली. मधले भोक तेवढे घट्ट ठेवले, म्हणजे काच मध्यापासून दोन्ही टोकांकडे प्रसरण पावेल. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे, सपाट बुडाच्या डोक्याचे, खाली रुंद वॉशर आणि रबराची चकती, मागे नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, नट. नट सैल होऊ नयेत म्हणून आट्यांवर टाकायचा द्रव वापरला नाही, कारण तो पॉलिकार्बोनेटला तडे पाडतो.

काचेखालच्या रबराबाबत एक गोष्ट दुकानात जाऊन शिकावी लागते. बसच्या बॉडीला लावतात ते काळे रबर आणि स्वस्त पीव्हीसीची पट्टी दिसायला सारखीच असते. मऊ पीव्हीसीतले तेलकट द्रव्य हळूहळू पॉलिकार्बोनेटमध्ये उतरते आणि ते तडकवते. म्हणून ईपीडीएम रबराचीच, म्हणजे त्या बसच्या काळ्या रबराची, पट्टी आणली. सिलिकॉनही व्हिनेगरसारखा वास येणारे नको, न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना आम्ल न सोडणारे, असे लिहिलेलेच हवे होते. ठाण्याच्या बाजारात ते शोधायला दोन-तीन दुकाने फिरावी लागली. सगळा खर्च, कटपीस, बोल्ट, रबर, सिलिकॉन, इपॉक्सी आणि पॉलिश पेपर धरून, साडेचार हजारांच्या आत बसला. मजुरी घरचीच होती.

काय झाले

बंदी उठल्यानंतर, नारळी पौर्णिमेला होडी सजली तेव्हा काच जागेवर होती, पण तिच्यावरची फिल्म तशीच होती. नवेपणा टिकावा म्हणून धाकट्याने ती सणापर्यंत ठेवली होती. मधल्या उन्हाच्या दिवसांत फिल्म भाजून चिकटली आणि नंतर चिंधीचिंधीने निघाली. तो रॉकेल लावून ती काढणार होता; थोरल्याने फोन करून विचारले, म्हणून ते टळले. कोमट साबणाचे पाणी आणि बोटांची चिकाटी यांनीच काम झाले.

पाण्यावरचा परिणाम दोघांसाठी वेगळा निघाला. धाकट्याला तुषार जवळजवळ लागेनासे झाले. थोरल्याच्या तोंडावर जोराच्या वाऱ्यात अजूनही पाणी येते, आधीपेक्षा बरेच कमी. त्याने ते स्वीकारले, कारण समोर मोकळे दिसणे त्याला अधिक हवे होते. यंत्र आणि मोबाईल आता काचेआड कोरडे राहतात.

दिवाळीच्या सुमारास डाव्या टोकाच्या भोकापासून बोटभर लांबीची तडा दिसली. कारण शोधताना कळले की काच थरथरते म्हणून टोकाचे दोन नट पान्याने गच्च आवळले गेले होते. वाकवलेले शीट सतत सरळ व्हायला बघते आणि त्याचा सगळा जोर दोन टोकांवर येतो; त्यातच आवळलेला बोल्ट, आणि त्याच बाजूला पेट्रोलचा कॅन ठेवायची जागा. तडा जिथे संपत होती तिथे छोटे भोक पाडून ती थांबवली, कॅनची जागा मागे हलवली, आणि दोन्ही टोकांना बाहेरून २५ मिलिमीटर रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी लावली, जेणेकरून टोकाचा जोर एका भोकावर न येता संपूर्ण कडेवर पसरेल. त्यानंतर आणखी तडे गेलेले नाहीत. ओरखडे मात्र अपेक्षेप्रमाणे आले आहेत, विशेषतः सुकलेल्या मिठावर कोरडा टॉवेल फिरवल्याने. आता जेटीवर परतल्यावर गोड्या पाण्याची बादली आधी ओतली जाते आणि पुसणे नंतर होते.

काय वेगळे करता आले असते

टोकांच्या पट्ट्या पहिल्याच दिवशी लावायला हव्या होत्या. त्याहून चांगले म्हणजे काचेत भोकेच पाडायची नाहीत, आणि खालची संपूर्ण कड दोन पट्ट्यांच्या मध्ये रबरासह धरायची. त्यात दीडेक हजार रुपये अधिक गेले असते, पण ज्या सोळा भोकांनी पहिली काच खाल्ली ती भोके पुन्हा पाडण्याचे कारणच उरले नसते. रक्कम आधी ठरवून मग काम ठरवल्याचा हा परिणाम होता. त्या वेळी भावांकडे खरोखरच पैसे नव्हते, हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे.

उंची ठरवण्यासाठी पुठ्ठा जेटीवर उभा करून बघितला, पाण्यावर नेला नाही. मे महिन्यात, बंदीच्या आधी, प्लायवुडचा तात्पुरता तुकडा बांधून एक दुपार वाऱ्यात होडी चालवली असती तर थोरल्याच्या वाट्याला येणारे पाणी आधीच कळले असते, आणि काच थोडी अधिक कलती करून ते कमी करता आले असते. फायबरचे कामही मे महिन्यातच उरकले असते तर पावसात बल्ब लावून इपॉक्सी वाळवण्याची वेळ आली नसती.

जाडीबाबत माझे मत आता वेगळे झालेले नाही. ५ मिलिमीटर घेतले असते तर थरथर कमी झाली असती, परंतु ८० सेंटिमीटरच्या वक्रावर ते मर्यादेच्या फार जवळ गेले असते आणि टोकांवरचा जोर वाढला असता. ४ मिलिमीटर आणि टोकांना पट्टी, हेच या होडीसाठी योग्य आहे.

भावांनी आता होडी उभी असताना काचेवर टाकायला ताडपत्रीची खोळ शिवून घेतली आहे, ऊन आणि कावळ्यांची घाण दोन्ही टाळण्यासाठी. येत्या बंदीत बोल्ट काढून खालची पट्टी बसवायची आणि आताची काचच त्यात पुन्हा धरायची, असे ठरले आहे. त्यासाठीची ॲल्युमिनियमची पट्टी थोरल्याने आत्ताच आणून ठेवली आहे.